कृष्णाबाईचा उत्सव आणि कृष्णेचं पाणी

आजच्या व्याख्यानाचा विषय तसा घरचाच आहे. सातारा जिल्ह्यातल्या वाईला दरवर्षी माघापासून चैत्रापर्यंत कृष्णाबाईचा उत्सव होतो. एक गाव आपल्या नदीला देवी मानून घाटावर बसवतं, तिची पूजा करतं, तिच्यापुढे कीर्तन-प्रवचन करतं, गाणं म्हणतं, तिची ओटी भरतं आणि शेवटी सगळे एकत्र जेवतात. या उत्सवाचा इतिहास आपण पाहू. पण तो पाहताना एक प्रश्न सतत सोबत ठेवावा लागेल, आणि तो जरा अवघड आहे. ज्या नदीला आपण बाई म्हणतो, माई म्हणतो, तिच्यातच आपण गटार कसं सोडतो? दोन्ही करणारी माणसं तीच आहेत. मग हे होतं कसं?

याचं सोपं उत्तर म्हणजे ‘लोक ढोंगी आहेत.’ आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, त्यामुळे एवढ्यावर आमचं समाधान होत नाही. ढोंग म्हटलं की विचार थांबतो. एखादा समाज दोन परस्परविरोधी गोष्टी वर्षानुवर्षं शांतपणे करत असेल, तर त्याच्या डोक्यात त्या दोन गोष्टी एकमेकींना भेटतच नसणार. त्या का भेटत नाहीत, हे इतिहासात शोधायचं आहे.

आधी उत्सव समजून घेऊ. वाईत कृष्णेच्या काठी घाटांची रांग आहे आणि उत्सव सात घाटांवर होतो. भीमकुंड आळी, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि गंगापुरी. प्रत्येक घाटाचा उत्सव वेगळा, त्याचे दिवस वेगळे. म्हणजे एका आळीचा संपला की दुसरीचा, असं करत करत दोन-अडीच महिने नदीकाठ जागा राहतो.

त्याच्या जन्माची कथा वाईत अशी सांगतात. सन १६५९ मध्ये विजापूरचा सरदार अफझलखान शिवाजी महाराजांवर चालून आला आणि वाईला त्याचा तळ पडला. वाई त्याला नवखी नव्हती, हा सुभा पूर्वी त्याच्याकडेच होता. संकट मोठं होतं. तेव्हा गावकऱ्यांकडून कृष्णामाईला नवस बोलला गेला की हे अरिष्ट टळू दे, तुझा उत्सव करू. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं, ते आपल्याला ठाऊक आहे. नवस फेडायला उत्सव सुरू झाला, अशी ही परंपरा.

आता ही कथा इतिहास म्हणून घ्यायची की आख्यायिका म्हणून? खानाचा तळ आणि त्याचा शेवट हा इतिहास आहे. नवसाची गोष्ट ही गावाची आठवण आहे. पण गावाची आठवणसुद्धा एक पुरावाच असतो, फक्त तो घटनेचा नसून मनाचा असतो. संकट राजकीय होतं, लष्करी होतं. नवस मात्र नदीला बोलला गेला. म्हणजे गावाच्या दृष्टीनं नदी ही गावाची रहिवासी होती, जिच्याकडे गाऱ्हाणं घेऊन जावं अशी थोरली बाई होती. हे लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

उत्सवाचा काळही पाहण्यासारखा आहे. माघ ते चैत्र. पावसाळ्यात घाट पाण्याखाली असतात, तिथं मांडव घालायचा प्रश्नच नाही. पूर ओसरतो, हिवाळा सरत येतो, पायऱ्या मोकळ्या होतात, शेतीची कामं हलकी होतात, आणि मग माणसं नदीपाशी येऊन बसतात. हे पंचांग नदीच्या चढ-उतारावर बेतलेलं आहे. नदी कधी येऊ देते आणि कधी देत नाही, हे ज्यांना रोज दिसत होतं, त्या लोकांनी हा उत्सव लावला आहे.

वाईच्या इमारतींतही हे शहाणपण आहे. पेशवाईत इथं रास्ते घराण्याचा मोठा दबदबा होता. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच घराण्यातल्या. आनंदराव भिकाजी रास्त्यांनी १७५७ मध्ये काशीविश्वेश्वराचं देऊळ बांधलं आणि गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये घाटावरच्या महागणपतीचं. यालाच आपण ढोल्या गणपती म्हणतो. या देवळाची नदीच्या प्रवाहाकडची मागची बाजू माशासारखी निमुळती बांधलेली आहे. पुराचं पाणी येऊन आदळलं की दुभंगावं आणि दोन्ही बाजूंनी निघून जावं, यासाठी. नदीला अडवायचं नाही, तिला वाट द्यायची आणि तिच्या शेजारी आपणही टिकायचं. पलीकडे मेणवलीला नाना फडणवीसांनी वाडा बांधला, त्यालाही नदीवर उतरणारा घाट आहे. त्या काळी श्रीमंती दाखवायची तर नदीला पायऱ्या बांधून दाखवत. घराचं तोंड नदीकडे असे.

आता कलेकडे येऊ. या उत्सवात रांगोळी आहे, आरास आहे, गाणं आहे, पण मध्यभागी आहे कीर्तन. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात हे आपण जाणताच. पूर्वरंगात एखादा अभंग किंवा पद घेऊन सिद्धांत मांडायचा, आणि उत्तररंगात तो सिद्धांत आख्यानातून, म्हणजे गोष्टीतून, पटवायचा. आम्ही आयुष्यभर वर्गात शिकवलं, पण अध्यापनाची याहून चांगली रीत आम्हाला सापडलेली नाही. सिद्धांत डोक्याला सांगावा लागतो आणि गोष्ट अंगात भिनते. कृष्णेचं माहात्म्य सांगणारी पुराणकथा, तिचा महाबळेश्वरचा उगम, तिच्या काठची तीर्थं, असं सगळं पिढ्यान् पिढ्या घाटावर बसून ऐकलेलं असल्यामुळे नदी ही वाईकरांना एक व्यक्ती म्हणून माहीत झाली. तिला चरित्र मिळालं. चरित्र असलेल्या गोष्टीशी नातं जोडता येतं.

आणि हे फक्त वाईचं नाही. काका कालेलकरांचा जन्म साताऱ्याचा, १८८५ सालचा. पुढे ते गांधीजींबरोबर गेले, देशभर फिरले, पण नद्यांवर लिहायला बसले तेव्हा पुस्तकाचं नाव त्यांनी ‘लोकमाता’ ठेवलं. कृष्णाकाठच्या मुलाला नदी म्हटल्यावर आईच आठवली, हे काही नवल नाही.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता पाण्याकडे पाहू.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. ते ३५१ निघाले. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे राज्यांमध्ये सर्वांत जास्त. कृष्णाही त्या यादीत आहे. ही यादी कशी करतात ते थोडं समजून घेऊ. पाण्यात सेंद्रिय घाण पडली की सूक्ष्मजीव ती खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त, तितका प्राणवायू जास्त लागतो. या गरजेला जैविक ऑक्सिजन मागणी म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी बीओडी. एक लिटर पाण्यात ती ३ मिलिग्रॅमच्या वर गेली की ते पाणी आंघोळीलाही योग्य नाही, असं आपलंच मानक सांगतं. याच मानकात आणखी एक अट आहे. विष्ठेतून येणारे जिवाणू १०० मिलिलिटर पाण्यात ५०० पर्यंत असावेत, आणि जास्तीत जास्त २५०० पर्यंत चालवून घ्यावेत. नदीवर स्नान करणाऱ्या समाजाला हे आकडे घाटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायला हरकत नव्हती. नाही का?

हे झालं कसं? गावाचा स्वभाव एका रात्रीत बिघडला असं नाही. तीन गोष्टी घडल्या आणि तिन्ही प्रगतीच्या नावानं घडल्या.

पहिली गोष्ट, नळ आला. पूर्वी नदीचं पाणी घरात यायचं ते कळशीतून, कुणाच्या तरी कमरेवरून, बहुधा बाईच्या. ते कष्टाचं होतं आणि ते कष्ट संपले हे उत्तमच झालं, त्याबद्दल हळहळ नको. पण त्याबरोबर एक बारीकसा बदल झाला. जिथून पाणी भरायचं तिथंच घाण टाकायची नाही, हे कोणाला शिकवावं लागत नाही. रोज भरणारा माणूसच पहारेकरी असतो. पाणी नळानं येऊ लागलं आणि नदीवरचा हा पहारा उठला.

दुसरी गोष्ट, धरण आलं. वाईच्या वरच्या अंगाला धोमला १९७० च्या दशकात धरण बांधायला घेतलं गेलं. शेतीला पाणी मिळालं, पुष्कळांचं भलं झालं. पण खालच्या पात्रात किती पाणी वाहायचं हे आता बऱ्याच अंशी दरवाजे ठरवतात. वाहत्या पाण्याला घाण पचवण्याची ताकद असते. प्रवाह आटला की तीच घाण तेवढ्याच पात्रात साचून राहते. आणि उत्सव येतो तो नेमका नदी रोडावण्याच्या दिवसांत.

तिसरी गोष्ट, संडास फ्लशचे झाले, मोऱ्या बंद गटारांना जोडल्या गेल्या आणि गटारं उतारानं गेली. उताराच्या शेवटी नदीच असते. पाइप टाकायला पैसे मिळाले, पण त्या पाइपाच्या टोकाला शुद्धीकरण केंद्र बांधायला आणि बांधलेलं चालवायला पुरेसे पैसे आणि पुरेशी इच्छा बहुतेक गावांत मिळाली नाही. खाली कराड-सांगलीकडे गेलं की यात कारखान्यांचं पाणी मिसळतं. नदीत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत.

बरं, आपल्या परंपरेनं याला आडकाठी केली नव्हती का? केली होती. मनुस्मृतीतच सांगितलं आहे की पाण्यात मलमूत्र सोडू नये, थुंकू नये. मनुस्मृतीशी आमचं भांडण आहे आणि ते राहील, पण हा नियम तिथं आहे हे मान्य करायला हवं. फक्त तो नियम माणसाला सांगितलेला आहे. पाइपाला कोणी सांगितलेला नाही. आज ज्या भाविकाला तुम्ही नदीत थुंक म्हणालात तर तो अंगावर येईल, त्याच्याच घरचं सांडपाणी रात्रंदिवस नदीत जात असतं आणि ते त्याच्या हातून जात नाही. मधे नगरपालिका आहे, ठेकेदार आहे, उतार आहे. कर्ता हरवला की पापही हरवतं.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण तीन कल्पनांची गल्लत करतो. पावित्र्य, स्वच्छता आणि नातं. तिन्ही चांगल्या वाटतात म्हणून एकच वाटतात. त्या एक नाहीत.

स्वच्छता मोजता येते. आत्ताच आपण तिचे आकडे पाहिले. पावित्र्य मोजता येत नाही, ते मानावं लागतं. आणि जे मोजता येत नाही ते घटतही नाही. म्हणूनच ‘गंगा कधी मैली होत नाही’ असं म्हणणाऱ्याला तुम्ही प्रयोगशाळेचा अहवाल दाखवून उपयोग नसतो. तो वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतोय. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. त्या दोन गोष्टी डोक्यात एकमेकींना भेटत नाहीत, कारण पूजा पावित्र्याच्या खोलीत चालते आणि गटार स्वच्छतेच्या खोलीतून वाहतं, आणि मधलं दार बंद आहे.

पावित्र्याची दुसरी बाजूही बघायला हवी. त्यासाठी आपल्याला महाबळेश्वरला जावं लागेल. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेचं देऊळ आहे. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्या तिथं एकत्र उगम पावतात, अशी श्रद्धा आहे. कृष्णा पूर्वेला निघते आणि वाईवरून पुढे सुमारे १४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. तिची बहीण सावित्री पश्चिमेला उतरते आणि महाडवरून अरबी समुद्राला जाते. महाड म्हटलं की आपल्याला काय आठवतं?

२० मार्च १९२७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. कायद्यानं तळं सगळ्यांना खुलं होतं, तरीही त्यांच्यावर हल्ला झाला. आणि नंतर काय झालं? तळं बाटलं म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या पाण्याच्या १०८ घागरी त्यात ओतून ते ‘शुद्ध’ केलं गेलं. विचार करा. माणसानं ओंजळीनं प्यायलेलं पाणी अपवित्र, आणि शेण घातलेलं पाणी पवित्र. उच्च न्यायालयात या तळ्याचा निकाल लागायला १९३७ साल उजाडावं लागलं.

कृष्णाबाईच्या उत्सवावर बोलताना हे मधेच कशाला, असं कोणाला वाटेल. पण ज्या घाटाच्या आळ्यांची नावं आपण मघाशी घेतली, त्यांतल्या एकीचं नाव ब्राह्मणशाही आहे. घाट ही जशी एकत्र येण्याची जागा होती, तशीच ती कोणी कुठं बसायचं, कोणी कुठलं पाणी घ्यायचं हे ठरवणारी जागाही होती. कथा कोणी सांगायची आणि कोणी दुरून ऐकायची, हेही ठरलेलं होतं. बाबासाहेबांचं बालपण साताऱ्याला गेलं, म्हणजे कृष्णेच्याच खोऱ्यात. त्या मुलाला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावायची मुभा नव्हती. आपण ‘आम्ही कृष्णाकाठचे’ असं अभिमानानं म्हणतो तेव्हा त्या ‘आम्ही’मध्ये कोण आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला विचारावंच लागतं. आणि आजही हाच प्रश्न आहे. गटारात उतरून ते साफ करणारा माणूस कोण असतो, नदीत जाळं टाकणाऱ्याच्या पोटावर पाय येतो तेव्हा कोण बोलतं, खालच्या गावात तेच पाणी प्यायची वेळ कोणावर येते? वरच्या गावानं पवित्र मानून सोडलेलं पाणी खालच्या गावाला आजार म्हणून पोचत असेल, तर त्या पावित्र्याचं करायचं काय?

म्हणून आम्हाला तिसरी कल्पना महत्त्वाची वाटते. ती म्हणजे नातं. पावित्र्य नदीला उंच ठेवतं. स्वच्छता तिला तपासते. नातं मात्र आपल्याला बांधतं. आपल्याकडे ऋण ही फार जुनी कल्पना आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण आपण ऐकलेली आहेत. शतपथ ब्राह्मणात चौथं मनुष्यऋणही सांगितलं आहे. पाहुण्याला जेवू घालणं, आसरा देणं, हे ते ऋण फेडणं. ऋण हे न मागता डोक्यावर येतं आणि वागण्यातून फेडावं लागतं, केवळ नमस्कारानं फिटत नाही. आता मघाचा नवस आठवा. १६५९ चा तो नवस म्हणजे नदीशी केलेला करार आहे. तू आमचं राख, आम्ही तुझं करू. कराराला दोन बाजू असतात. उत्सव हा आपल्या बाजूचा हप्ता होता. आपण हप्ता भरत राहिलो, पण ‘तुझं करू’ याचा अर्थ हळूहळू मांडव, माईक आणि महाप्रसाद एवढाच उरला.

मग उत्सवाचा उपयोग नाही का? आहे, आणि तो जगातल्या दुसऱ्या एका नदीवर नीट दिसतो. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ हडसन नदी आहे. तिथल्या बीकन गावात पीट सीगर नावाचे लोकगायक राहत. १९६० च्या दशकात हडसन म्हणजे उघडं गटार झालेलं होतं. सीगर आणि त्यांच्या सोबत्यांनी नदीकाठी गाण्याचे कार्यक्रम करून पैसे जमवले आणि जुन्या धर्तीचं १०६ फुटी शिडाचं जहाज बांधून घेतलं. त्याचं नाव ‘क्लिअरवॉटर’, म्हणजे निर्मळ पाणी. ते १९६९ मध्ये पाण्यात उतरलं. अनेकांनी विचारलं असेल, की नदी मेली आहे आणि हे गाणी कसली म्हणताहेत? पण त्यांचा हिशेब सरळ होता. लोक नदीकडे पाठ करून जगतात. त्यांना आधी नदीपाशी आणलं पाहिजे. गाणं त्यांना आणेल. आल्यावर वास येईलच.

आणि तिथं गोष्ट थांबली नाही, हे महत्त्वाचं. त्या जहाजावर मुलांना नेऊन पाणी तपासायला शिकवलं. १९७२ मध्ये अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा झाला, त्यामागच्या लोकमतात अशा अनेक नद्यांवरच्या माणसांचा वाटा होता. याच हडसनमध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन कारखान्यांतून ३० वर्षं पीसीबी नावाची विषारी रसायनं सोडली गेली होती, सुमारे १३ लाख पौंडांपर्यंत. ती १९७७ मध्ये थांबली आणि नदीच्या तळातला गाळ उपसायला २००९ साल उजाडलं. सहा वर्षं उपसा चालला. म्हणजे गाण्यापासून उपशापर्यंत ४० वर्षं. गाण्यानं नदी साफ केली नाही. कायद्यानं, न्यायालयानं, यंत्रांनी केली, आणि तीही पुरती नाही. पण ४० वर्षं विषय मरू दिला नाही तो त्या काठावरच्या मेळ्यांनी.

आता एक योगायोग सांगतो. त्याच १९६९ साली महाराष्ट्रानं जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा केला. केंद्राचा कायदा १९७४ चा, आपला त्याच्या पाच वर्षं आधीचा. १९७० मध्ये राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळही स्थापन झालं. म्हणजे कायदा आपल्याकडे होता. उत्सव तर तीनशे वर्षं होताच. त्यांच्याकडे दोन्ही नवीन होतं, आपल्याकडे दोन्ही होतं. आपल्याकडे नव्हतं ते एवढंच, की उत्सवातल्या माणसानं कायद्याकडे जावं आणि कायद्यातल्या माणसानं उत्सवात येऊन बसावं.

अलीकडे ही कोंडी फोडायचे प्रयत्न आपल्याकडेही होताहेत. पुण्यात ‘जीवितनदी’च्या मंडळींनी लोकांना मुठेच्या काठानं चालवत नेऊन नदीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तिला ते मुठाई म्हणतात. आणि गोष्ट सांगता सांगता विचारतात, तुमच्या घरात भांड्याचा साबण कुठला, फरशी कशानं पुसता, कारण ते सगळं संध्याकाळपर्यंत हिच्यात येतं. हे आम्हाला फार मोलाचं वाटतं. मघाशी म्हटलं ना, की पाइपामुळे कर्ता हरवला. हे लोक हरवलेला कर्ता शोधून त्याच्याच स्वयंपाकघरात नेऊन उभा करतात.

कायद्याच्या बाजूनंही एक गंमत झाली. मार्च २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या संसदेनं वांगानुई नदीला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. त्याच महिन्यात आपल्या उत्तराखंड उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं, आणि जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. अडचणी खऱ्या होत्या. पूर आला आणि घरं वाहून गेली तर नदीवर दावा लावायचा का, असे प्रश्न उभे राहिले. पण वाईकराला यात नवल वाटू नये. त्यानं साडेतीनशे वर्षांपूर्वीच नदीला व्यक्ती मानलं आहे, तिला साडी नेसवली आहे, तिच्याशी करार केला आहे. न्यूझीलंडच्या कायद्यात मात्र एक गोष्ट आपल्याहून पुढची आहे. तिथं नदीच्या वतीनं बोलायला दोन माणसं नेमली आहेत, एक माओरी लोकांचा आणि एक सरकारचा. आपल्या बाईला ओटी आहे, नैवेद्य आहे, पण तिच्या वतीनं नगरपालिकेत बोलणारं कोणी नेमलेलं नाही.

मग करायचं काय? आम्ही अभियंते नाही, त्यामुळे केंद्र कसं बांधायचं ते सांगणार नाही. उत्सवापुरतं बोलतो. सात आळ्या आळीपाळीनं उत्सव करतात. ही रचना फार शहाणी आहे, कारण तिच्यात जबाबदारी वाटलेली आहे. आपल्या घाटावर येणारी गटारं किती, ती कुठून येतात आणि त्यांचं पुढे काय झालं, याचा हिशेब वर्गणीच्या हिशेबाबरोबर त्या आळीनं वाचून दाखवायला काय हरकत आहे? कीर्तनकारानं पूर्वरंगात ऋण सांगावं आणि उत्तररंगात महाडचं आख्यान लावावं. जी माणसं कालपर्यंत घाटावर दूर उभी होती, त्यांनी त्यांची कृष्णा सांगावी. परटाची, कोळ्याची, सफाई कामगाराची कृष्णा वेगळी असणार, आणि ती आपण अजून ऐकलेलीच नाही. पाण्याचा तपासणी अहवाल आरतीच्या पाटीशेजारी लावावा. यानं पावित्र्य कमी होत नाही. आईला ताप आहे का हे पाहायला तिच्या कपाळावर हात ठेवला, तर तिचा अपमान होतो का?

याला मुदतही आहे. गुरू कन्या राशीत आला की गंगा कृष्णेला भेटायला येते, अशी आपली समजूत आहे. दर बारा वर्षांनी हा कन्यागताचा पर्वकाळ येतो. मागचा २०१६ मध्ये झाला, पुढचा २०२८ मध्ये येईल. वाईला, नृसिंहवाडीला लाखो लोक स्नानाला उतरतील. लहान मुलं उतरतील, गरोदर बाया उतरतील, आमच्यासारखे म्हातारे काठी टेकत उतरतील. त्या दिवशी त्या पाण्यातले जिवाणू २५०० च्या आत असतील की बाहेर, हा प्रश्न श्रद्धाळू माणसानं आजच विचारायला हवा. नास्तिक तर विचारेलच, पण पाण्यात उतरणार आहे तो श्रद्धाळू.

महाराष्ट्रात उत्सवाच्या शेवटी लळित करायची जुनी रीत आहे. त्यात निरनिराळी सोंगं येतात आणि शेवटी सगळ्यांसाठी देवाकडे मागणं मागतात. आपण आजवर कृष्णाबाईकडे खूप मागितलं. पाऊस मागितला, पीक मागितलं, शत्रूचा नाश मागितला, आणि तिनं पुष्कळ दिलंही. आता एखाद्या वर्षी लळितात बाईनंच यावं आणि तिनं आपल्याकडे मागावं. ती काय मागेल हे आपल्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यासाठी पुराण वाचायची गरज नाही, घाटाची शेवटची पायरी उतरून पाहिलं की पुरे.